रिकाम्या पिंपात ओरडू नये

१

पिंप घासायचं काम सुनेचं. बीअर करणाऱ्याचं गावभर कौतुक, आणि मागचा राडा सुनेने आवरायचा. हे आमच्या खोऱ्यात कुणी कुणाला शिकवत नाही. मी लग्न होऊन बर्गन शहरातून या शेतावर आले त्याला इतकी वर्षं झाली की आता उठता-बसता माझे गुडघे वाजतात, तरी शेजारचा मोन्स मला अजून सूनबाईच म्हणतो.

त्या सकाळी बीअर करायच्या वेगळ्या चुलघराचं दार उघडलं आणि मी कपाळाला हात लावला. बीअर उतू गेली होती. थोडीथोडकी नाही. पिंपाचं झाकण आणि झाकणावरचा दगड, दोन्ही खाली पडलेले. फेस पिंपावरून ओघळून फरशीवर, तिथून चुलीखाली, तिथून थेट उंबऱ्यापर्यंत आलेला, आणि वाळून त्याच्यावर पिवळी साय धरलेली. शिंतोडे भिंतीवर होते, वरच्या तुळईवरही होते. या घरात इतकी वर्षं बीअर होतेय, असं कधी झालं नव्हतं.

"बाळंतिणीची खोली झालीय नुसती," मागून अनफिन म्हणाला. अनफिन म्हणजे माझा नवरा.

"मग बापानेच पुसावी," मी म्हटलं.

तो हसला, पण फडक्याला हात लावला नाही. पिंपात उरली होती तेवढी बीअर त्याने नळी लावून बॅरलमध्ये काढली, बॅरल तळघरात नेऊन ठेवली आणि गाईंकडे गेला. मागे पिंप, तळाचा गाळ आणि मी.

बीअर त्याच्या आईच्या मयताची होती. आई, म्हणजे माझी सासू ओलीन, अजून जिवंत होती. अंगणापलीकडे घरातल्या मागच्या खोलीत पडून होती. झटका येऊन तिची वाचा गेली, मग अन्न सुटलं, आणि डॉक्टर म्हणाला, आता तयारीला लागा. आमच्याकडे तयारी म्हणजे बीअर. माणूस गेल्यावर घालायला बसलं तर ती आंबणार कधी आणि पाहुणे पिणार काय? म्हणून माणूस असतानाच घालतात, आणि जमलं तर एक घोट त्यालाही पाजतात. आपल्या मयताची बीअर चाखून गेला तर सुखाने गेला, असं धरतात. परक्याला हे वाचून कसंसंच होईल. मलाही आधी व्हायचं.

या पिंपाचे नियम दोनच. एक, त्याला साबण लावायचा नाही. जुनिपरच्या, म्हणजे डोंगरावरच्या काटेरी झुडपाच्या, फांद्या उकळायच्या, त्या पाण्याने धुवायचं आणि काड्यांच्या ब्रशाने घासायचं. मी आयुष्यात त्याला साबण लावला नाही. तरी दर सणाला पाहुण्यांच्या हातात पहिला प्याला गेला की ओलीन म्हणायची, "पिंप गीदाने धुतलंय बरं का. साबणाची चव लागते का बघा." गीदा म्हणजे मी. सगळे हसायचे. अनफिनसुद्धा हसायचा. मी उलट दोन शब्द सुनवायचे, तेव्हा ओलीन म्हणायची की या पोरीची जीभ काढून ठेवली तर उरेल काय.

दुसरा नियम पोरांना शिकवतात. रिकाम्या पिंपात ओरडायचं नाही. पोरांना आत डोकं घालून आवाज घुमवायची हौस असते, आणि तसं करताना सापडलं तर पाठीत धपाटा बसतो. एकदा मी मोन्सला विचारलं होतं, का रे बाबा. तो म्हणाला, "पोटात काही नसलं की पिंप आवाज ठेवून घेतं, सूनबाई. आणि आवाज गेला की माणूस मागोमाग जातं." असं म्हणून त्याने माझ्याकडून आणखी एक केक मागून घेतला.

२

विरजण घालायच्या दिवशी ओलीन हट्टाला पेटली होती. वाचा नव्हती, पण कप होता. तो पलंगाच्या लोखंडावर आपटत राहिली, शेवटी अनफिनला कळलं. विरजण तिलाच घालायचं होतं.

बीअरचं विरजण आमच्याकडे लाकडी कड्यांच्या माळेवर वाळवून ठेवतात. ती माळ ओलीनची. चुलघराच्या भिंतीवर टांगलेली असते, आणि तिला माझा हात तिने कधी लागू दिला नव्हता. तेव्हा अनफिन आणि मोन्सने तिला गोधडीत गुंडाळून खुर्चीसकट उचलून चुलघरात आणलं.

"वा ओलीन," मोन्स धापा टाकत म्हणाला, "आता शवपेटीही स्वतःच ठोकतेस का? खिळे आणून देतो."

ओलीन आवाज न करता हसली. माळ तिने स्वतः उचलली आणि कोमट बीअरमध्ये सोडली.

विरजण पडलं की घालणाऱ्याने पिंपावर वाकून जीव खाऊन ओरडायचं. एरवी काहीही ओरडलं तरी चालतं, आवाज मोठा तितकी बीअर कडक. मयताच्या बीअरला मात्र जाणाऱ्याचं नाव ओरडायचं. ओलीनला आवाज नव्हता, म्हणून तिच्या वतीने अनफिन ओरडणार होता. तो वाकला. पिंपाच्या काठावर हात ठेवले. आणि तसाच उभा राहिला.

"तिच्यासमोर तिचंच नाव कसं घेऊ?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

असा माझा नवरा. सहा फूट उंचीचा, वासराची नाळ कापताना हात थरथरत नाही, आणि आईपुढे लोण्याचा गोळा. माझा त्याच्यावर फार जीव आहे. त्याला तसं कधी म्हटलं नाही, बोलणी मात्र भरपूर घातली.

ओलीनने त्याला कोपराने बाजूला सारलं. खुर्चीतून अर्धी उठून तिने काठ दोन्ही हातांनी धरला, मान आत घातली आणि तोंड उघडलं. मी दाराशी होते. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटून वर आलेल्या मला दिसल्या. आवाज काही आला नाही. चुलीतलं लाकूड तडतडलं तेवढंच. बराच वेळ ती तशी होती. मग मागे टेकली, आणि तिने अनफिनचा हात हातात घेऊन थोपटला.

मोन्सने टोपी काढली होती, ती घातली. "झालं," तो म्हणाला आणि कॉफीला न थांबता गेला. मोन्स कॉफी सोडून जातो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

३

तर उतू गेल्या दिवशी दुपारपर्यंत माझी फरशी आणि भिंती झाल्या. मग पिंप घेतलं. तळाचा गाळ काढला, जुनिपरचं कढत पाणी ओतलं, हलवून टाकून दिलं. आतून फेसाचं वळं घट्ट बसलं होतं, ते नखांनी खरवडलं.

पिंप माझ्या छातीएवढं. तळ घासायचा तर कमरेपासून आत वाकावं लागतं आणि पाय अधांतरी होतात. मी तशी आत लटकले होते. तळावर ब्रश फिरवला आणि लाकूड कण्हलं.

मी घाबरले नाही. ओल्या फळ्या फुगतात, एकमेकींना दाबतात, कुरकुरतात. मी पुन्हा ब्रश फिरवला, जरा जोरात. या वेळी आवाज तळातून वर आला आणि माझ्या दोन्ही कानांशी थांबला. बाईचा आवाज होता, सगळा श्वास संपेपर्यंत ओढलेला. ओलीनचाच, झटक्याच्या आधीचा. डोंगरावरच्या गाई हाकारायची ना, तो.

"अनफिन," असं तो आवाज म्हणत होता.

बाहेर येताना माझं डोकं काठाला आपटलं. मी स्टुलावर बसले आणि स्वतःची समजूत घातली. ही बाई जन्मभर याच नावाने घर डोक्यावर घेत आलीय. अनफिन, चहा. अनफिन, खिडकी लाव. अनफिन, तुझ्या बायकोला सांग. तो आवाज माझ्या कानात मुरलाय, पिंपाचा काय दोष. सकाळपासून पोटात काही नाही, आंबलेल्या वासाने डोकं जड झालंय. आधी दोन घास खावेत.

मी घरात आले. स्वयंपाकघरात ओलीन टेबलाशी बसली होती. नाइटगाऊनमध्ये, पायात मोजे नाहीत. तिच्यापुढे लापशीची वाटी होती आणि लापशीवर लोण्याचा हा एवढा गोळा. ती चमच्याने भराभर खात होती.

"आई," मी म्हटलं. "तुम्ही उठलात?"

तिने मान डोलावली.

"अनफिन कुठाय?"

तिने चमचा मागच्या खोलीकडे केला.

अनफिन तिच्या पलंगावर पडला होता. बूट काढले नव्हते. तिच्या अंगाने गादीला जो खड्डा पडला होता, त्यातच तो पडला होता, आणि तिची गोधडी हनुवटीपर्यंत ओढली होती.

"जरा पाठ टेकलीय," तो म्हणाला. "गाईंचं करताना गरगरलं."

"बूट काढ आधी," मी म्हटलं. मग मीच काढले. पाय बर्फासारखे गार होते.

४

डॉक्टर आला तो ओलीनला बघायला. तिने त्याला बटाटे सोलून दाखवले. तो हसून म्हणाला, अशा म्हाताऱ्या आम्हाला खोटं पाडतात. जाता जाता अनफिनची नाडी बघितली. "दमलाय. आईची काळजी केली ना इतके दिवस." म्हटलं, अहो, त्याचं अन्न सुटलंय. तो म्हणाला, सूप द्या.

सूप दिलं. दोन चमचे घेतले की अनफिन तोंड फिरवायचा. रोज तो थोडा थोडा कमी होत होता, आणि रोज ओलीनच्या गालांवर रंग चढत होता. हे मला दिसत होतं. मी वेडी नाही.

मी मोन्सला कुंपणाशी गाठलं.

"मोन्स, त्या दिवशी ओलीन ओरडली का रे?"

"तू तिथेच होतीस की."

"मला काही ऐकू आलं नाही."

"मग नशीबवान आहेस, सूनबाई."

"काय ओरडली?"

त्याने फिओर्डच्या पाण्याकडे तोंड फिरवलं. "नाव घेऊन घातलेली बीअर पडून राहत नाही," तो म्हणाला. "मला माझ्या मेंढ्या बघायच्यात."

घरी येऊन मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि अनफिनच्या उशाशी बसले. "तुझी आई कुणाचं नाव ओरडली?"

"तिचं स्वतःचं," तो म्हणाला. "आणखी कुणाचं?"

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने डोळे मिटून घेतले. "माझी आई आहे ती, गीदा."

"आणि मी कोण आहे?"

त्यावर त्याने माझा हात शोधला आणि धरला. हाताला जोर नव्हता. मला त्याचा इतका राग आला की रडू फुटलं. आई मागतेय तर देऊन टाकू, असा त्याचा हिशेब. गाय मागितली असती तरी दिली असती. स्वतःला देताना बायकोला विचारावं, हे मात्र सुचलं नाही.

मी तळघराकडे निघाले. बीअरच ओतून देते म्हटलं, गटारात. तळघराच्या दारापुढे ओलीन खुर्ची टाकून बसली होती. विणकाम चाललं होतं. काळी लोकर.

"आई, बाजूला व्हा."

तिने टाका घातला.

"पोटचा पोरगा आहे तो तुमचा. नव्वदी उलटली तुमची, अजून काय बघायचं राहिलंय?"

ओलीनने सुया मांडीवर ठेवल्या. उठून माझ्या गालावरून हात फिरवला, हळू, लग्नाच्या दिवशी फिरवला होता तसा. मग खिडकीतून अंगणातल्या मोरीकडे बोट दाखवलं. मोरीवर साबणाची वडी होती. ओलीनचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

५

साबण, तर साबणच, मी म्हटलं. नाव लाकडात बसलंय ना? मग लाकडातून काढते.

गोठ्यात दुधाची टाकी धुवायचा कॉस्टिक सोडा असतो. अख्खा डबा मी चुलघरात नेला, पाणी उकळलं, पिंपात ओतलं आणि वरून सगळा सोडा टाकला. वाफ नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखं काळं. पिढ्यान्‌पिढ्यांची बीअर त्यातून उकलत होती. मी हातमोजे घालून घासलं. हातमोजे फाटले तरी घासलं. बोटांची सालं निघाली. काळं पाणी दारातून वाहत अंगणात गेलं, ते मी जाऊ दिलं.

मग आत वाकून ब्रश फिरवला. काही नाही. नुसता ब्रशचा आवाज. पुन्हा फिरवला. फळ्या पांढुरक्या पडल्या होत्या, आणि आत कुणी नव्हतं.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला मोन्सचं बोलणं आठवलं. बीअर तर तळघरात तशीच होती, आणि ती पडून राहणार नव्हती. तिला नाव हवं होतं. एक पुसलं म्हणजे काम अर्धंच झालं. दुसरं कुणी घालायच्या आत मीच घालते. ज्या नावाने ती घालायची होती तेच नाव. यात कुणाचं काय चुकलं असतं?

मी काठ दोन्ही हातांनी धरला, मान आत घातली आणि जीव खाऊन ओरडले, "ओलीन!"

आवाज खाली गेला. मी वाट बघितली. पिंपात आवाज घुमतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हा घुमला नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं झालं.

मी मान वर काढली. घसा थंड पडला होता. दुखत नव्हता. अनफिनला हाक मारावी, बघ तुला बरं वाटतंय का विचारावं, म्हणून दाराशी आले आणि तोंड उघडलं. अंगणात कोंबड्या चरत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. मी पुन्हा तोंड उघडलं. माझ्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या होत्या, ते मला जाणवत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली. "अनफिन, ऊठ. जेवायला ये, थंड होतंय."

कडक हाक. शेवटचा शब्द बर्गनकडचे लोक ओढतात तसा ओढलेला. इकडे तसं कुणी बोलत नाही. या खोऱ्यात तशी बोलणारी मी एकटी.

"आलो गं," अनफिनचा आवाज आला. चांगला मोकळा होता.

६

डॉक्टर म्हणाला, झटका आहे. सोड्याची वाफ, श्रम आणि काळजी. मला खूप सांगायचं होतं, आणि मी कप पलंगाच्या लोखंडावर आपटला. पण अनफिनला कळेना. तो गोधडी नीट करायचा, पाणी द्यायचा, "शांत पड, गीदा" म्हणायचा. त्याचे हात उबदार झाले होते. त्याचे हात उबदार झाले याचा मला अजूनही आनंद होतो, हे खोटं नाही.

दार उघडं असलं की इथून टेबलाचा कोपरा दिसतो, आणि बटाटे सोलणारा एक हात. आवाज दिवसभर ऐकू येतो. अनफिन, बूट काढ आधी. अनफिन, मोन्सला केक दे. तोच टोमणा, तोच ठसका. मोन्स उंबऱ्याच्या आत येत नाही, केक दारातच घेतो. अनफिन त्या आवाजाशी बोलताना कधी आई म्हणत नाही. गीदाही म्हणत नाही. "हो गं," एवढंच म्हणतो. तो त्या बाईच्या तोंडाकडे बघतो की नाही, ते इथून दिसत नाही.

माझं अन्न सुटलंय. डॉक्टर पुन्हा येऊन गेला, आणि तयारीला लागा म्हणाला. तयारी काहीच करायची नव्हती. बीअर केव्हाची तयार होती.

आज दुपारी अनफिन लाकडी वाडगा घेऊन आला. दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून. पलंगावर बसला, माझ्या मानेखाली हात घालून मला उठतं केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एक घोट घे," तो म्हणाला. "चांगली निवळलीय."

मी ओठ घट्ट मिटले. त्याने लहान मुलाला भरवतात तसा वाडगा टेकवला आणि वाट बघितली. बाहेर सुरी बटाट्यावर फिरत होती, ती थांबली.

"साबणाची चव लागते का, विचार तिला," माझा आवाज म्हणाला.

अनफिन हसला. सणाला हसायचा तसाच, आणि हसताना हात हलून बीअर माझ्या तोंडात गेली.

"लागते का गं?" त्याने विचारलं.

लागत नव्हती.